व्हॉल्व्ह नवा बसेल हो... पण पुढच्या वेळी काय?

लाल जीभ बाहेर काढलेला तो काळा टी-शर्ट तुमच्याकडे नक्की असेल. नसेल तर फॅशन स्ट्रीटवर किंवा एफसी रोडवर हातात घेऊन भाव तरी केला असेल. ती जीभ रोलिंग स्टोन्सची, आणि त्या बँडचा हीरो मिक जॅगर. २०१९ च्या मार्चअखेर या बाबाने अमेरिका-कॅनडाची अख्खी टूर पुढे ढकलली. कारण? हार्टचा व्हॉल्व्ह बदलायचा होता. वय वर्षं ७५. बातम्यांत आलं त्याप्रमाणे एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला त्याची छाती न उघडता, नळीतून नवा व्हॉल्व्ह बसवला. मे महिन्यात त्याने स्टुडिओत नाचतानाचा व्हिडिओ टाकला आणि जूनमध्ये तो शिकागोच्या स्टेजवर धावत होता. आपण वीकेंडच्या ट्रेकनंतर चार दिवस पाय धरून बसतो. असो.

आता दुसरा हीरो. अरनॉल्ड श्वार्झनेगर, आपला टर्मिनेटर. त्याच्या हार्टच्या व्हॉल्व्हमध्ये जन्मापासूनच दोष. १९९७ मध्ये, ४९ व्या वर्षी, छाती उघडून ऑपरेशन झालं. तेव्हा बसवलेला पल्मनरी व्हॉल्व्ह २०१८ मध्ये बदलायची वेळ आली. प्लॅन होता नळीचा. पण नळीचं काम फसलं आणि सत्तरीच्या अरनॉल्डची छाती तातडीने उघडावी लागली. २०२० मध्ये पुन्हा सर्जरी, या वेळी एऑर्टिक व्हॉल्व्ह. २०२४ मध्ये पेसमेकर. गडी आजही जिममध्ये जातो, हा भाग वेगळा.

जॅगरची गोष्ट फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होते. अरनॉल्डची होत नाही. आणि नेमकं तिथंच घोडं अडतं.

हा कॉलम तुम्ही का वाचायचा?

तुमचं वय २८. तुमचं हार्ट फक्त अप्रेझलच्या मेलला धडधडतं. मग हे कशाला? कारण तुमच्या आईबाबांचं वय ६० ते ७५ च्या मध्ये कुठंतरी आहे. एका मंगळवारी दुपारी, मीटिंगच्या ऐन मध्यात, फोन व्हायब्रेट होईल. 'अगं, बाबांचा टूडी एको केला. व्हॉल्व्ह आकसलाय म्हणतात. बदलायला लागेल. डॉक्टर विचारतायत, ऑपरेशन करायचं की ते नळीवालं?' आणि ठरवायला हातात असतील जेमतेम दहा-पंधरा दिवस.

आमच्या घरी हा फोन दीड वर्षापूर्वी आला. ठाण्याच्या मामाचा. मामा ६८ वर्षांचा, एका कारखान्याच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटमधून रिटायर झालेला. पंख्यापासून पाण्याच्या मोटरपर्यंत बिल्डिंगमधलं काहीही बिघडलं की लोक आधी त्याचं दार वाजवतात. तलावपाळीच्या रोजच्या फेरीत त्याला दम लागायला लागला होता. मामी म्हणायची, वजन कमी करा. मामा म्हणायचा, पोल्युशन वाढलंय. निघालं तिसरंच.

बिल्डिंगमध्ये कळल्यावर प्रत्येकाचा एकच प्रश्न, 'किती ब्लॉकेज?' मंडळी, हे ब्लॉकेजचं प्रकरणच नाही. ब्लॉकेज हार्टला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत असतं. हा आहे दरवाजाचा प्रॉब्लेम. हार्टमधून शरीराकडे रक्त जाताना जे शेवटचं दार लागतं, तो एऑर्टिक व्हॉल्व्ह. दिवसातून साधारण एक लाख वेळा उघडतो आणि मिटतो, तोही बिनपगारी. वयानुसार त्याच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात. नॉर्मल दार तीन-चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. ते एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं उरलं, की डॉक्टर त्याला 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस' म्हणतात. मग दम लागतो, छातीत दुखतं, चालताचालता डोळ्यांपुढे अंधारी येते. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, की ही लक्षणं सुरू झाल्यावर दार दुरुस्त केलं नाही तर सरासरी दोन ते पाच वर्षं हातात असतात. गोळ्यांनी दार मोठं होत नाही. दार बदलणं, हाच इलाज.

दारं दोन

पहिलं दार पुढचं. छातीचं मधलं हाड कापायचं, रक्त हार्ट-लंग मशीनवर घ्यायचं, हार्ट थांबवायचं, जुना व्हॉल्व्ह कापून काढायचा आणि नवा टाके घालून शिवायचा. १९६० पासून माणसाच्या हार्टमध्ये कृत्रिम व्हॉल्व्ह बसतायत, म्हणजे हात बसलेलं काम आहे. आपल्याकडेही त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने, डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने, स्वस्त देशी व्हॉल्व्ह बनवला. डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा पेशंटला बसला आणि आजवर लाखाहून जास्त लोकांच्या छातीत गेला.

दुसरं दार मागचं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर हार्टपर्यंत न्यायची. तिच्या टोकाला छत्रीसारखा मिटवलेला व्हॉल्व्ह. जागेवर पोचला की तो उघडायचा. जुना व्हॉल्व्ह काढायचा नाही, नव्याने त्याला भिंतीशी दाबून बसवायचं. याचं नाव टॅव्ही. अमेरिकेत टॅव्हर म्हणतात.

याची जन्मकथा पिक्चर काढण्यासारखी आहे. १९८९ मध्ये हेनिंग अँडरसन नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर अमेरिकेत फिनिक्सला कॉन्फरन्सला गेला. तिथे स्टेंटवरचं भाषण ऐकताना त्याच्या डोक्यात आलं, की नळीतून स्टेंट जातो तर व्हॉल्व्ह का नाही जाणार? घरी येऊन पठ्ठ्याने हार्डवेअरच्या दुकानातून तारा आणल्या, खाटकाकडून डुकरांची हार्ट्स आणली आणि स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह वळला. मे १९८९ मध्ये तो जिवंत डुकरात बसवूनही दाखवला. माणसात यायला आणखी तेरा वर्षं लागली. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी ५७ वर्षांच्या एका पेशंटवर टॅव्ही केली. सर्जनांनी हात टेकले होते, माणूस शेवटच्या घटका मोजत होता. त्या दिवशी तो वाचला. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या गुंतागुंतीमुळे गेला, पण नळीतून व्हॉल्व्ह बसतो हे जगाला कळलं.

हे लक्षात ठेवा. टॅव्ही जन्मली ती ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही, त्यांच्यासाठी. २०१० साली आलेल्या 'पार्टनर' ट्रायलमध्ये अशाच पेशंट्सचे दोन गट केले होते. नुसत्या औषधपाण्यावर राहिलेल्यांपैकी एका वर्षात जवळजवळ ५१ टक्के गेले, टॅव्हीवाल्यांपैकी ३१ टक्के. अशा माणसांसाठी वाद तिथंच संपला. मग कंपन्या आणि डॉक्टर हळूहळू खाली उतरत गेले. आधी हाय रिस्क पेशंट, मग मध्यम रिस्क आणि २०१९ मध्ये लो रिस्क. म्हणजे ऑपरेशन आरामात झेलू शकणारे, धडधाकट, मामासारखे.

इथून गंमत सुरू होते.

पहिल्या वर्षाचा स्कोअरकार्ड

'पार्टनर ३' मध्ये १००० लो रिस्क पेशंट होते, सरासरी वय ७३. टॅव्हीवाले साधारण तीन दिवसांत घरी, सर्जरीवाले सात. पहिल्या महिन्यात स्ट्रोक कमी, हार्टचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण तर कितीतरी कमी: ५ टक्के विरुद्ध जवळजवळ ४० टक्के. मृत्यू, स्ट्रोक किंवा पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागणं, असं तिन्ही मिळून एका वर्षात टॅव्हीत ८.५ टक्के आणि सर्जरीत १५.१.

दणदणीत विजय. जगभर हेडलाइन्स. आमच्या न्यूजर्सीच्या मावसभावाने त्याच रात्री कॉन्फरन्स कॉलवर जाहीर करून टाकलं, 'इकडे आता छाती कुणी उघडतच नाही. मामाला सांग, टॅव्ही.' नाशिकचा मावसभाऊ, सिव्हिल इंजिनिअर, म्हणाला, 'जुनं बांधकाम न काढता आत नवं? मला पटत नाही.' मामी एवढंच म्हणाली, 'मला तुमचं काही कळत नाही. हे दिवाळीला घरी असणार की नाही, ते सांगा.'

मामा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, 'बसवायचं कसं ते कळलं. पण पुढच्या वेळी बिघडलं तर खोलायचं कसं? इन्स्टॉलेशनचं सगळे सांगतात. मेंटेनन्सचं कोण सांगणार?'

कॉलवर शांतता. चाळीस वर्षं मशिनं खोललेल्या माणसाचा प्रश्न होता तो. मी त्या रात्री बसले आणि पुढच्या वर्षांचे आकडे वाचत गेले. ते एका वाक्यात असे: पहिल्या वर्षी नळी पुढे, नंतर सर्जरी तिला गाठते, आणि पुढे दोघी जवळजवळ बरोबरीने चालतात.

पाच, सात, दहा

'पार्टनर ३' चे तेच पेशंट पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा मोजले. मृत्यू, स्ट्रोक, पुन्हा अ‍ॅडमिट होणं, हे तिन्ही मिळून टॅव्ही २२.८ टक्के, सर्जरी २७.२. फरक उरला, पण तो 'योगायोगही असू शकतो' एवढाच. नुसते मृत्यू बघितले तर काटा उलटा: टॅव्ही १० टक्के, सर्जरी ८.२. हा फरकही योगायोगाच्या मर्यादेतलाच, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण सर्जन मंडळींनी भुवया उंचावल्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सात वर्षांचे आकडे आले: एकत्रित ३४.६ विरुद्ध ३७.२. व्हॉल्व्ह निकामी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सातच्या आसपास. म्हणजे बरोबरी.

दुसऱ्या बनावटीच्या व्हॉल्व्हवरची 'इव्होल्युट लो रिस्क' ट्रायल २०२५ मध्ये पाच वर्षांवर पोचली. मृत्यू किंवा अपंग करणारा स्ट्रोक, टॅव्ही १५.५ टक्के, सर्जरी १६.४. परत बरोबरी.

सगळ्यात लांब पल्ला गाठला तो 'नोशन' ट्रायलने. डेन्मार्क आणि स्वीडनमधले २८० पेशंट, सरासरी वय ७९, दहा वर्षं पाठपुरावा. मृत्यू, स्ट्रोक किंवा हार्ट अ‍ॅटॅक झालेले किती? टॅव्ही ६५.५ टक्के, सर्जरी ६५.५ टक्के. दशांशापर्यंत टाय! आकडा मोठा वाटतो, पण ७९ मध्ये १० मिळवून बघा, मग इतका धक्का बसणार नाही. आणखी एक सरप्राइज म्हणजे व्हॉल्व्हची गंभीर झीज टॅव्हीत १.५ टक्के आणि सर्जरीत १० टक्के. म्हणजे नळीवाला व्हॉल्व्ह लवकर झिजेल ही भीती निदान या वयात तरी खरी ठरली नाही. मात्र त्या काळी सर्जरीत वापरलेले काही व्हॉल्व्ह लवकर झिजणाऱ्या जातीचे निघाले, तेव्हा हा गोल टॅव्हीच्या खात्यात पूर्ण धरू नका.

मग दोन्ही सारखेच, जे सोपं ते करा, असं म्हणायचं? थांबा. टाय झालेल्या मॅचमध्येही कोणी रन कुठे काढले ते बघायचं असतं.

टॅव्हीचं उधारखातं असं. एक, पेसमेकर. हार्टची इलेक्ट्रिक वायरिंग व्हॉल्व्हला खेटून जाते, नव्याने दाब दिला की ती दुखावते. 'नोशन' मधल्या पहिल्या पिढीच्या व्हॉल्व्हनंतर महिन्याभरात साधारण तिघांत एकाला पेसमेकर लागला होता. आता प्रमाण बरंच उतरलंय, पण शून्य नाही. दोन, कडेने गळती. जुना व्हॉल्व्ह आतच असल्यामुळे नवा शंभर टक्के घट्ट बसत नाही. 'पार्टनर ३' मध्ये पाच वर्षांनी किरकोळ किंवा जास्त गळती टॅव्हीत २०.८ टक्के लोकांत होती, सर्जरीत ३.२. तीन, व्हॉल्व्हवर गुठळी: २.५ विरुद्ध ०.२ टक्के.

सर्जरीचं उधारखातं तर डोळ्यांनी दिसतं. हाड जुळायला सहा-आठ आठवडे, रक्त जास्त जातं, ठोके बिघडतात, पहिला महिना घरातल्या सगळ्यांची परीक्षा बघतो. आणि ८० च्या पुढच्या, किडनी-फुप्फुसं थकलेल्या माणसाला तर तो महिना परवडतच नाही.

आणि हो, एक चौकशी नेहमी करायची: पैसे कुणाचे? 'पार्टनर' आणि 'इव्होल्युट' या ट्रायल्स व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने झाल्या. म्हणून त्या खोट्या असं अजिबात नाही. पण जर्मनीत 'डेडिकेट' ही ट्रायल कंपन्यांच्या खिशाबाहेरून, सार्वजनिक संस्थांच्या पैशाने झाली. १४१४ पेशंट, निकाल २०२४ मध्ये. मृत्यू किंवा स्ट्रोक एका वर्षात टॅव्ही ५.४ टक्के, सर्जरी १०. म्हणजे पहिल्या वर्षाची आघाडी खरी आहे. प्रश्न पुढचाच आहे.

मुद्दा वयाचा आहे, बॉस

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. प्राण्यांच्या पेशींपासून केलेला व्हॉल्व्ह, मग तो शिवलेला असो की नळीतून आलेला, कायमचा नसतो. साधारण दहा-पंधरा वर्षं. वय जितकं कमी तितका तो लवकर झिजतो. धातू-कार्बनचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह कित्येक दशकं टिकतो, पण त्याबरोबर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर तपासणी जन्मभर. आणि तो नळीतून बसत नाही.

म्हणून ८२ वर्षांच्या आजीला दहा वर्षं टिकणारा व्हॉल्व्ह म्हणजे बहुतेक आयुष्यभराचा व्हॉल्व्ह. ५५ वर्षांच्या माणसाला तोच व्हॉल्व्ह म्हणजे पहिली इनिंग. त्याला दुसरा लागणारच, कदाचित तिसराही. तेव्हा डॉक्टर काय करणार? पहिल्यांदा सर्जरी झालेली असेल तर शिवलेल्या व्हॉल्व्हच्या आत नळीतून दुसरा बसवता येतो. पहिला नळीचा असेल तरी त्याच्या आत दुसरा नळीचा बसू शकतो, पण सगळ्यांना नाही. डब्यात डबा घालत गेलं की आतली जागा कमी होते, आणि हार्टला रक्त देणाऱ्या नळ्यांची तोंडं झाकली जाऊ शकतात. मग टॅव्ही व्हॉल्व्ह ऑपरेशनने उपटून काढावा लागतो. एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत अशी ऑपरेशनं झालेल्यांपैकी दहातल्या एकाहून जास्त पेशंट महिन्याभरात दगावले. त्यातले बरेच जण आधीच वयस्कर आणि आजारी होते, हे खरं. पण 'नंतरचं नंतर बघू' म्हणण्याइतकं ते सोपं नाही, एवढं नक्की.

म्हणूनच गाइडलाइन्स वयाच्या रेघा आखतात. अमेरिकेच्या २०२० च्या: ६५ च्या आत सर्जरी, ८० च्या पुढे टॅव्ही, मधे दोघांनी बसून ठरवा. युरोपने २०२१ मध्ये टॅव्हीची रेघ ७५ वर ठेवली होती, २०२५ मध्ये ती ७० वर आणली. आणि दोन्हीकडे एक शब्द आहे, 'हार्ट टीम'. नळीवाला कार्डिऑलॉजिस्ट आणि चाकूवाला सर्जन, दोघं एका टेबलावर. एकट्या न्हाव्याला विचारलं की केस वाढलेत का, तर तो काय सांगणार?

मामाचं सीटी स्कॅन झालं आणि त्यात आणखी एक गोष्ट निघाली. त्याच्या एऑर्टिक व्हॉल्व्हला तीनऐवजी दोनच पाकळ्या. जन्मापासून. अरनॉल्डसारखंच! (मामाने ही बातमी सोसायटीत कॉलर ताठ करून सांगितली.) २०२४ च्या 'नोशन २' ट्रायलमध्ये ७५ आणि त्याखालच्या वयाचे लोक होते, दोन पाकळ्यांवालेसुद्धा. दोन पाकळ्यांच्या गटात मृत्यू, स्ट्रोक किंवा पुन्हा अ‍ॅडमिट होणं, टॅव्हीत १४.३ टक्के, सर्जरीत ३.९. गट लहान होता, पण खूण स्पष्ट होती. न्यूजर्सीला हे कळवल्यावर तिकडूनही 'ओके' आलं. मामाची सर्जरी झाली. पहिले तीन आठवडे कठीण गेले. छातीला उशी धरून खोकायचा, रात्री बसून झोपायचा, मामी त्याच्या बाजूला खुर्चीत. दिवाळीला मात्र तो घरी होता. चकली तळायची परवानगी नव्हती, म्हणून यंत्र दुरुस्त करत बसला होता.

त्याच महिन्यात माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ८३ वर्षांच्या आजीची टॅव्ही झाली. चौथ्या दिवशी आजी घरी येऊन सुनेला वरणाच्या फोडणीवरून बोलत होत्या. दोन्ही निर्णय बरोबर. कुणीतरी कुणाच्या तरी अनुभवावरून उलट सल्ला दिला असता, तर दोन्ही चुकले असते.

आणि बिल?

आपल्याकडचा सगळ्यात दुखरा मुद्दा. टॅव्हीचं बिल सर्जरीच्या कित्येक पट येतं, आणि त्यात मोठा वाटा एकट्या व्हॉल्व्हचा. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा असतील, पण किती लाखांपर्यंत? त्यात टॅव्हीला वेगळी मर्यादा आहे का? एचआरला आजच मेल टाका. आयसीयूच्या बाहेरून टाकायचा हा मेल नाही. चांगली बातमी एवढीच, की वापीच्या मेरिल कंपनीचा 'मायव्हॉल' हा देशी व्हॉल्व्ह २०२४ च्या 'लँडमार्क' ट्रायलमध्ये ७६८ पेशंट्सवर दोन बड्या अमेरिकन ब्रँड्सच्या बरोबरीने उतरला. निदान पहिल्या महिन्याच्या निकालांत. स्पर्धा वाढली की भाव खाली येतात, हे मोबाइलवाल्यांना सांगायला नको.

एक सावधगिरी. आपल्याकडे तरुणांचे व्हॉल्व्ह खराब होतात ते बहुतेकदा लहानपणीच्या संधिज्वरामुळे, आणि त्यात मायट्रल व्हॉल्व्ह जास्त सापडतो. ते वेगळं प्रकरण. वरचे आकडे त्यांना लावू नका.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न (कापून पाकिटात ठेवा)

१. स्टेनोसिस नक्की सिव्हिअर आहे का? एकोमधला व्हॉल्व्हचा एरिया किती?
२. पाकळ्या तीन आहेत की दोन?
३. सीटीनुसार जांघेची रक्तवाहिनी नळी जाण्याइतकी मोठी आहे का? कॅल्शियम कुठे आणि किती?
४. सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून केस बघितली का? आम्हाला दोघांशी बोलता येईल का?
५. तुमच्या हॉस्पिटलमध्ये वर्षाला अशा किती टॅव्ही आणि किती सर्जरी होतात? पेसमेकर कितींना लागतो?
६. सोबत ब्लॉकेज किंवा दुसऱ्या व्हॉल्व्हचाही प्रॉब्लेम आहे का? (असेल तर एकदाच छाती उघडून सगळं उरकणं बरं पडू शकतं.)
७. आणि मामाचा प्रश्न: हा व्हॉल्व्ह झिजला तर दुसरा कसा बसवणार? तो प्लॅन आजच कागदावर सांगा.

सातव्या प्रश्नाला जो डॉक्टर खुर्ची पुढे ओढून, कागद घेऊन चित्र काढायला लागतो, त्याच्याकडे निर्धास्त जा. जो 'ते नंतर बघू' म्हणतो, त्याच्याकडून फाइल घ्या आणि दुसरं मत घ्या.

आता या रविवारचं काम. मॉल नको, ब्रंच नको. आईबाबांना घेऊन बिल्डिंगचे दोन जिने चढा. लिफ्ट बंद आहे म्हणून सांगा, चालेल. मधेच थांबून त्यांनी 'वय झालं रे आता' म्हटलं तर हसून सोडून देऊ नका. सोमवारी फॅमिली डॉक्टरकडे न्या, त्यांना स्टेथोस्कोप लावू द्या. आकसलेल्या दारातून रक्त जाताना आवाज होतो, आणि तो ऐकायला पाच मिनिटंही लागत नाहीत.